लेणे एक, लेणी अनेक. ‘लेण्या’ हा शब्दच नाही

ठाण्यात पाचपाखाडीला राहणाऱ्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, मुलाच्या शाळेने सहलीच्या सूचनापत्रात ‘कान्हेरीच्या लेण्या पाहण्यासाठी’ असे छापले आहे, ते बरोबर आहे का? ‘लेणी’ हा शब्द स्त्रीलिंगी धरावा की नपुंसकलिंगी, डोंगरातल्या लेण्याचा अंगावरच्या लेण्याशी काही संबंध आहे का, आणि या सगळ्याला सरळ ‘गुहा’ किंवा ‘गुंफा’ म्हटले तर काय बिघडते, हेही त्यांना जाणून घ्यायचे आहे.

‘लेण्या’ हे रूप चूक आहे आणि ते आता सूचनापत्रांपुरते राहिलेले नाही. माहितीफलकांवर, बातम्यांत आणि वाटाड्यांच्या तोंडी ते सर्रास आढळते. मूळ शब्द ‘लेणे’, नपुंसकलिंगी, एकवचनी, अनेकवचन ‘लेणी’. तळे–तळी, खेडे–खेडी, गाणे–गाणी हे जसे चालते, तसेच हे चालते. ‘तीन गाण्या म्हटल्या’ असे कोणी म्हणत नाही, मग ‘तीन लेण्या पाहिल्या’ असे का म्हणावे? विभक्तिप्रत्ययापूर्वी ‘लेण्या-’ असे सामान्यरूप होते (लेण्यात, लेण्यांचा, लेण्यांमध्ये), आणि त्यावरूनच कोणीतरी मागे जाऊन ‘लेण्या’ हे अनेकवचन तयार केले असावे.

तरी गाण्याच्या बाबतीत न होणारी चूक लेण्याच्या बाबतीत का होते, याचे कारण मराठीच्या घडणीतच आहे. नपुंसकलिंगी अनेकवचन आणि स्त्रीलिंगी एकवचन यांची दर्शके, विशेषणे आणि भूतकाळी क्रियापदे मराठीत सारखीच दिसतात. ‘ती मोठी लेणी पाहिली’ हे वाक्य एका स्त्रीलिंगी ‘लेणी’विषयी आहे की अनेक लेण्यांविषयी, हे त्या वाक्यातून कळत नाही. ‘ती लेणी मोठी आहेत’ असे म्हटले, तरच ‘आहेत’मधल्या ‘त’वरून अनेकवचन उघड होते, आणि तो ‘त’ घाईच्या बोलण्यात पहिल्यांदा गळतो. त्यात लेणी बहुधा समूहाने असतात, त्यामुळे एकवचन कानावर पडत नाही. पुढे ‘लेणी क्रमांक तीन’ असे म्हणायची सवय लागली की ‘लेण्या’ फार दूर राहत नाही. ‘लेणे क्रमांक ३’ असेच लिहावे. भिवंडी तालुक्यातल्या लोनाडला एकच लेणे आहे; तिथे तरी एकवचनाचा संकोच करण्याचे कारण नाही.

आता शब्दाच्या मुळाकडे वळतो, कारण या प्रश्नातला खरा आनंद तिथे आहे.

‘लेणे’ हा ‘लयन’ या शब्दाचा वंशज आहे. ‘ली’ धातूचा अर्थ चिकटणे, विसावणे, दडणे. त्यावरून लयन म्हणजे विसाव्याची, आश्रयाची जागा. प्राकृतात ‘अय’चा ‘ए’ झाला आणि ‘न’चा ‘ण’, म्हणून ‘लेण’. हा बदल मराठी माणसाला नवा नाही. नगरचे नयर, नयरचे नेर झाले, म्हणून संगमनेर आणि अमळनेर. कदलीची कयली होऊन केळ झाली. पालीत ‘लेण’ हा शब्द रूढ होता आणि त्याचा अर्थ आज आपण समजतो त्याहून फार रुंद होता. भिक्षूंच्या आचारनियमांचा पाली ग्रंथ जो विनयपिटक, त्याच्या चुल्लवग्ग या भागात अशी कथा आहे की भिक्षू पूर्वी रानात, झाडाखाली, कडेकपारीत, स्मशानात राहत, आणि राजगृहाच्या एका श्रेष्ठीने, म्हणजे धनिक व्यापाऱ्याने, त्यांच्यासाठी निवास बांधण्याची इच्छा दाखवली, तेव्हा बुद्धांनी पाच लेणांची अनुज्ञा दिली: विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. पासाद म्हणजे प्रासाद, हम्मिय म्हणजे हर्म्य. याचा अर्थ असा की माडीचे बांधीव घरही लेणच होते, आणि गुहा हा लेणाचा केवळ पाचवा प्रकार होता. कातळ कोरण्याशी या शब्दाचा मुळात काही संबंध नव्हता, आश्रयाशी होता. म्हणूनच संयुत्तनिकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात निर्वाणाला जी अनेक नावे दिली आहेत, त्यांत ताण (त्राण) आणि सरण (शरण) यांच्या शेजारी ‘लेण’ हेही एक आहे. ज्या शब्दाने निवाऱ्याची खोली आणि निर्वाण ही दोन्ही सांगितली गेली, तो शब्द आपल्याकडे आजही रोजच्या वापरात आहे, ही मराठीची केवढी मोठी ठेव आहे!

कातळाचा अर्थ त्याला सह्याद्रीने दिला, कारण इथले भिक्षुनिवास मुख्यतः खडकातच कोरले गेले. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला शिलालेख आहे. त्याची भाषा बरीचशी संस्कृत वळणाची आहे, पण मोक्याच्या जागी लेखक लिहितो: ‘धर्मात्मना इदं लेणं कारितं इमा च पोढियो’. संस्कृत लिहिण्याची एवढी हौस असूनही त्याने ‘लयनम्’ लिहिले नाही. बांधकामावरच्या लोकांच्या तोंडी ‘लेण’ आणि ‘पोढी’ हेच शब्द होते, ते त्याने तसेच ठेवले. पोढी म्हणजे पाण्याचे कोरीव टाके. कान्हेरीतही अशा पोढ्या जागोजागी आहेत. कल्याणच्या एका सोनाराने पोढी दान दिल्याचा लेख तिथे आहे. टाक्याचे चौकोनी तोंड, त्याच्या दिशेने उतरत जाणारी कोरीव पन्हळ आणि शेजारच्या भिंतीवर दात्याचे नाव, असे तिन्ही एका नजरेत दिसते, तेव्हा ‘पोढी’ हा कोशातला मृत शब्द वाटत नाही.

आता अंगावरच्या लेण्याविषयी. लेणी ही डोंगराने ल्यालेली आभूषणे आहेत, म्हणून त्यांना लेणी म्हणतात, अशी व्युत्पत्ती मोठ्या आत्मविश्वासाने सांगितली जाते, आणि ती सांगणाऱ्यांत स्वतःला भाषेचे जाणकार म्हणवणारेही आहेत. ‘सह्याद्रीचे लेणे’ ही कल्पना कवितेत शोभते; व्युत्पत्ती म्हणून ती टिकत नाही. घरदार सोडून आलेल्या भिक्षूंच्या निवासाला पालीत ‘लेण’ म्हणत, तेव्हा त्या शब्दात अलंकाराचा मागमूसही नव्हता. नादसाम्य दिसले की नाते जुळवायचे, ही व्युत्पत्ती नव्हे. ज्यांना लेखांतला ‘लेण’ ठाऊक आहे, त्यांनीही ही दागिन्याची गोष्ट पुन्हा पुन्हा छापावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मग अंगावरचे लेणे आले कुठून? माझे मत असे आहे की ते ‘लिप्’ धातूतून, लेपातून आले. मराठीत काजळ लेतात, कुंकू लेतात. कुंकवाला सौभाग्यलेणे म्हणतात. या सर्व क्रिया लावण्याच्या, माखण्याच्या आहेत. पुढे जे जे अंगाला लागते ते ते लेण्याचे झाले, म्हणून वस्त्रे आणि दागिनेही ल्याले जाऊ लागले. याला उच्चाराचा आधार आहे. स्वरांमधल्या ‘प’चा ‘व’ होणे हा मराठीचा स्वभाव आहे: दीपचा दिवा, कपाटचे कवाड, तापचा ताव. ‘लेप’चा ‘लेव’ झाला असेल, तर तो ‘व’ कुठेतरी शिल्लक राहिला पाहिजे, आणि तो राहिला आहे: आपण ‘दागिने लेवून’ म्हणतो, ‘लेवविणे’ म्हणतो. डोंगरातल्या लेण्याच्या घराण्यात हा ‘व’ कुठेही नाही. यावर असा आक्षेप येईल की हा ‘व’ दोन स्वरांमध्ये केवळ उच्चाराच्या सोयीसाठी आला असेल, जसा तो ‘जेवून’, ‘ठेवून’मध्ये ऐकू येतो. पण त्या दोन क्रियापदांत ‘व’ धातूचाच आहे, सोयीचा नाही. उलट ‘नेणे’, ‘देणे’, ‘येणे’ यांची रूपे ‘नेऊन’, ‘देऊन’, ‘येऊन’ अशीच शुद्ध मानली जातात, आणि ‘लेवून’ मात्र सहज म्हटले जाते. हा फरक मला निर्णायक वाटतो. तेव्हा लयनाचे लेणे आणि लेपाचे लेणे हे दोन वेगळे शब्द आहेत. वाटेत झिजून ते सारखे दिसू लागले, इतकेच.

लेण्याबरोबर आणखी एक शब्द आठवल्यावाचून राहवत नाही, तो म्हणजे ‘ओवरी’. लेण्याच्या मधल्या मंडपाला लागून ज्या छोट्या खोल्या कोरलेल्या असतात, त्यांना लेखांत ‘ओवरक’ म्हटले आहे. उषवदाताची पत्नी दखमित्रा हिने अशी खोली दान दिली आणि ‘देयधमं ओवरको’ असे नोंदवले. संस्कृत अपवरक, प्राकृत ओवरक, मराठी ओवरा आणि ओवरी. कान्हेरीच्या अशा खोलीत झोपण्यासाठी ठेवलेला कातळाचा ओटा आणि लाकडी दार बसवण्यासाठी चौकटीत पाडलेल्या खाचा आजही स्पष्ट दिसतात. पुढे हाच शब्द देवळांच्या आवारात गेला. जेजुरीच्या कोटातल्या ज्या ओवऱ्यांत यात्रेकरू टेकतात, त्यांचे नाव या भिक्षूंच्या खोल्यांचेच आहे. पण आज लेण्यांविषयी लिहिणारे या खोल्यांना ‘कक्ष’ म्हणतात, ‘कोनाडा’ म्हणतात, प्रसंगी ‘सेल’सुद्धा म्हणतात; ‘ओवरी’ म्हणत नाहीत. दोन हजार वर्षांचा, त्याच जागेसाठी घडलेला शब्द हाताशी असताना तो का टाकावा, हे मला समजू शकत नाही.

खुद्द ‘कान्हेरी’ हे नावही याच मुशीतले आहे. जुन्या लेखांत ‘कण्हसेल’, म्हणजे कृष्णशैल, आणि ठाण्याच्या शिलाहारांच्या काळातल्या, शके ७९९ (इ. स. ८७७) सारख्या संस्कृत लेखांत ‘कृष्णगिरी’. कण्हगिरीतला ‘ग’ गळाला आणि कान्हेरी झाली.

राहिला गुहा आणि गुंफा यांचा प्रश्न. गुहा निसर्गाची असते. घोडबंदर रस्त्यावरच्या वाघबीळ या नावातले बीळ जनावराचे असते. लेणे माणसाने छिन्नीने घडवलेले असते. ‘कान्हेरी गुहा’ म्हटले की ही घडण शब्दातून नाहीशी होते, म्हणून तसे म्हणू नये. प्रार्थनेच्या जागेला ‘चैत्यगृह’ हा वेगळा शब्द आहेच. कार्ल्याचे चैत्यगृह पुरे करणाऱ्या वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने त्याला ‘सेलघर’, म्हणजे शैलगृह, म्हटले आणि जंबुद्वीपात ते उत्तम असल्याचेही कोरून ठेवले. ‘गुंफा’ चूक नाही, पण ते पूर्वेकडचे वळण आहे. अशोकाने राज्याभिषेकाच्या बाराव्या वर्षी बिहारमधल्या बराबरच्या टेकडीत आजीवक पंथाच्या श्रमणांना जी कोरीव दालने दिली, त्यांना तिथल्या लेखांत ‘कुभा’ म्हटले आहे, आणि गुंफा हा त्याच कुळातला शब्द असावा असे मला वाटते. ओडिशात उदयगिरीवर तर प्रत्येक कोरीव दालनाला गुंफा म्हणण्याचीच रीत आहे. पण तिथल्या मंचपुरी गुंफेत कलिंगाचा राजा खारवेल याच्या पट्टराणीचा जो लेख आहे, त्यात तिने कलिंगातल्या श्रमणांसाठी ‘लेण’ करविल्याचे लिहिले आहे.