वाचकांचे प्रश्न : हलत्या खुर्चीसाठी मोटर कोणती?

प्रश्न : मी अंबड औद्योगिक वसाहतीतील एका टूलरूममध्ये काम करतो. संगणकावरील मोटार शर्यतीच्या खेळासाठी पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे कलणारी खुर्ची मी घरीच तयार करत आहे. सांगाडा वेल्डिंग करून झाला असून माणसासह एकूण वजन 100 किलोच्या आसपास भरते. मुंबई-आग्रा महामार्गावरील एका गॅरेजमधून ट्रकच्या 24 व्होल्टच्या दोन वायपर मोटरी स्वस्तात मिळाल्या आहेत. एक मित्र स्टेपर मोटर (ठरावीक लहान पावलांनी फिरणारी) घ्या म्हणतो, दुसरा वर्म गिअरबॉक्सची (स्क्रूसारख्या गिअरने दातेरी चाक फिरवणाऱ्या) डीसी मोटर सुचवतो. काय घ्यावे, आणि कंट्रोलर कोणता लावावा? – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : मोटरीकडे वळण्यापूर्वी खुर्ची ज्या सांध्यावर कलते तो सांधा कोठे आहे, हे पाहावे. आपण पत्रात त्याचा उल्लेख केलेला नाही, आणि खरा खर्च तेथेच ठरतो. सांधा माणूस व खुर्ची यांच्या एकत्रित गुरुत्वमध्याच्या 40 सेंटिमीटर खाली असेल आणि खुर्ची 10 अंश कलली, तर तिला त्या स्थितीत नुसते धरून ठेवण्यासाठीच सुमारे 68 न्यूटन-मीटरचे बल-आघूर्ण, म्हणजे टॉर्क किंवा फिरवण्याचा जोर, लागते; तोच सांधा गुरुत्वमध्याच्या जवळ आणला, तर मोटरीला प्रामुख्याने जडत्वाशीच झगडावे लागते. बहुतेक जण गाडीच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे दोन्ही दिशांना वळणारा सांधा, सांगाड्याच्या तळाशी बसवतात, कारण ते सोपे पडते. सीट शक्य तितकी खाली आणून आणि क्रॉसची खुंटी उंच करून हे अंतर कमी करता येते. एवढे केल्याने एक आकार लहान मोटर पुरण्याची शक्यता असते.

आता हिशेब. मोटरीचा क्रँक एका दांड्याने खुर्ची ढकलतो-ओढतो; अशा प्रत्येक दांड्यावर 25 किलोची ओढ येते आणि क्रँकची लांबी, म्हणजे गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या केंद्रापासून दांड्याच्या सांध्यापर्यंतचे अंतर, 5 सेंटिमीटर आहे, असे धरू. तेव्हा 125 किलो-सेंटिमीटर, म्हणजे साधारण 12 न्यूटन-मीटर टॉर्क लागेल. येथपर्यंत सगळे येतात आणि थांबतात. वेगाचा विचार मात्र राहून जातो. गाडी घसरल्याचा झटका खुर्चीत जाणवायचा असेल, तर क्रँकने पाव सेकंदात पाव फेरा पूर्ण केला पाहिजे, म्हणजे भाराखाली मिनिटाला 60 फेऱ्या. 12 न्यूटन-मीटर आणि 60 फेऱ्या मिळून यांत्रिक शक्ती जेमतेम 75 वॉट होते, परंतु वर्म गिअरमध्ये निम्मी शक्ती घर्षणात जाते असे गृहीत धरलेले बरे, म्हणजे मोटर 150 वॉटची हवी. हीच शक्ती 12 व्होल्टवर घेतली तर 12-13 अँपिअर लागतात आणि 24 व्होल्टवर त्याच्या निम्मे. तारा, कनेक्टर आणि कंट्रोलर या सर्वांना ते मानवते. 3000 फेऱ्यांची मोटर आणि 50 ला 1 गुणोत्तराचा वर्म गिअरबॉक्स ही जोडी आपल्या कामाला योग्य वाटते. वर्मचा आणखी एक गुण असा की, एवढ्या गुणोत्तरावर वीज गेली तरी खुर्ची सहसा एकदम खाली येत नाही.

वायपर मोटरींचा टॉर्क पुरेसा वाटला, तरी त्या भाराखाली मंदावतात, त्यामुळे आपल्या वजनाला त्या अपुऱ्या पडतील. तरीही प्रयोगासाठी त्या वापरायच्या असतील, तर एक गोष्ट आधी मल्टिमीटरने तपासावी. अनेक वायपर मोटरींत ऋण ब्रश थेट बॉडीला जोडलेला असतो, कारण वाहनात तिला एकाच दिशेने फिरायचे असते. आपल्याला ती उलटसुलट फिरवायची असल्याने दोन्ही टोके कंट्रोलरकडे गेली पाहिजेत. तशीच लोखंडी सांगाड्यावर बसवली तर सांगाडाच विद्युतमार्गाचा भाग होतो, आणि दोन्ही मोटरींच्या बॉडी सांगाड्यातून जोडल्या गेल्या की ड्रायव्हर, म्हणजे मोटरीला वीज पुरवणारे सर्किट, जळण्याची वेळ येते. शिवाय जलद गतीचा तिसरा ब्रश समोरासमोर नसून तिरका बसवलेला असतो. त्यावर मोटर दोन दिशांना सारखी चालत नाही. म्हणून संथ गतीचा ब्रशच वापरावा. स्टेपरचा विचार सोडावा. वेग वाढला की तिचा टॉर्क उतरतो, आणि भाराखाली तिचे पाऊल चुकले तर एन्कोडर (फिरणे मोजणारा सेन्सर) नसलेल्या कंट्रोलरला त्याचा पत्ताही लागत नाही.

कंट्रोलरसाठी अर्डुइनो उनो या छोट्या सर्किट बोर्डावर एसएमसी3 हा प्रोग्रॅम चालवणे हा स्वस्त आणि चांगला मार्ग आहे; तो तीन मोटरींपर्यंत पीआयडी नियंत्रण करतो, म्हणजे हवी ती आणि प्रत्यक्षातली स्थिती यांतील फरक सतत दुरुस्त करत राहतो. मोटर चालवणारा ड्रायव्हर मात्र तिच्या नेहमीच्या प्रवाहावर नव्हे, तर जाम झालेल्या मोटरीच्या प्रवाहावर निवडावा, आणि तो नेहमीच्या कितीतरी पट असतो. बाजारातील बीटीएस7960 चिपच्या स्वस्त मॉड्यूलवर 43 अँपिअर लिहिलेले असते. तो आकडा चिपच्या प्रवाह-मर्यादेचा आहे. त्या चिमुकल्या हीटसिंकवर एवढा प्रवाह सतत चालेल अशी अपेक्षा ठेवू नये. वरील 24 व्होल्टच्या मोटरीसाठी हे मॉड्यूल पंखा लावून चालून जाईल. खिशाला परवडत असेल, तर सेबरटूथ 2x32 सारखा, प्रत्येक मोटरीला सतत 32 अँपिअर देणारा ड्रायव्हर अधिक निश्चिंत ठेवतो.

खुर्चीची स्थिती सांगणारा सेन्सर गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टवरच बसवावा. साधा पोटेन्शिओमीटर (फिरवल्यावर रोध बदलणारा भाग) सुरुवातीला पुरतो, पण तो मधल्याच भागात सतत फिरत राहतो आणि तेथील पट्टी झिजून खुर्ची थरथरू लागते. चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर थोडा महाग असला, तरी त्यात घासणारे काही नाही. आपण टूलरूममध्ये असल्याने शाफ्टच्या टोकाला चुंबकासाठी नेमक्या मध्यावर खाच पाडणे आपल्याला जड जाऊ नये.

प्रश्न : जुन्या संगणकाच्या एसएमपीएसवर (वीजपुरवठ्याच्या डब्यावर) या मोटरी चालतील का? – एक वाचिका, पंचवटी

उत्तर : चालू होतील, पण मध्येच बंद पडतील. फिरणारी मोटर झटक्यात उलटवली की क्षणभर ती जनित्र बनते आणि वीज सप्लायकडे परत ढकलते. व्होल्टेज वाढल्याचे पाहून एसएमपीएस स्वतःला बंद करतो. दोन 12 व्होल्टच्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या तर त्या ही वीज सामावून घेतात. सप्लायच वापरायचा असेल, तर जादा व्होल्टेज जिरवणारा ब्रेक रेझिस्टर लावावा.

प्रश्न : थेट 750 वॉटच्या एसी सर्वो मोटरी व बॉल स्क्रू (गोळ्यांवर चालणारा, फिरण्याचे सरळ सरकणे करणारा स्क्रू) घेतले तर? – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : उत्तम, परंतु खर्च बराच वाढेल. अशा मोटरीचा टॉर्क सुमारे 2.4 न्यूटन-मीटर असतो; 5 मिलिमीटर लीडच्या, म्हणजे एका फेऱ्यात 5 मिलिमीटर सरकवणाऱ्या, स्क्रूवर तो अडीच हजार न्यूटनपेक्षा अधिक रेटा देतो आणि मिनिटाला 3000 फेऱ्या असताना स्क्रू सेकंदाला 25 सेंटिमीटर सरकवतो. लीड 10 घेतल्यास वेग दुप्पट, रेटा निम्मा. बॉल स्क्रू वर्मसारखा अडून राहत नाही, त्यामुळे वीज जाताच खुर्ची खाली बसते. ब्रेकची मोटर घ्यावी, नाहीतर खाली रबरी बफर ठेवावेत. सर्वो ड्राइव्ह 230 व्होल्टवर चालतात, तेव्हा अर्थिंग तपासून घ्यावे आणि हाताशी असलेले लाल बटण मोटरींची वीजच तोडेल असे जोडावे. केवळ संगणकाला थांबण्याचा निरोप देणारे बटण पुरेसे नाही.