१० बाय १२ च्या बेडरूममध्ये पलंग, कपाट आणि कूलर कसे मांडावे? (घर सोलापुरात, वरचा मजला)

आधी पश्चिमेची भिंत कोणती ते बघा. सोलापुरात मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. ती भिंत दुपारभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. तिला डोकं लावून झोपायचं म्हणजे तव्याशेजारी झोपणं! तिथे कपाट उभं करा, भिंतीपासून ३-४ इंच सोडून. पलंग समोरच्या भिंतीला.

कूलर खिडकीत, तोंड आत. समोरची खिडकी किंवा दार उघडं पाहिजे, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो. आमच्याकडे पहिल्या वर्षी दारच कपाटाने अर्धं अडवलं होतं, रात्रभर चिकचिक. कपाट हलवलं, प्रश्न मिटला.

६ फुटी पलंग घेतलात तर १० फुटांत ४ फूट उरतात. तो मधोमध ठेवून दोन्हीकडे २-२ फूट सोडण्यापेक्षा एका कडेला सरकवा. कपाटाचं दार पूर्ण उघडतंय ना, हे मात्र खडूने फरशीवर आखून आधीच तपासा. साइड टेबल वगैरे नकोच. पलंग स्टोरेजवाला घ्या, हिवाळ्याच्या चादरी त्यातच मावतात, आणि सोलापूरकरांच्या घरात चादरींना काय तोटा!