प्रॅक्टिस म्यूट जरूर घ्या, पण त्यातच राहू नका

घरी ट्रम्पेट वाजवायला कोणता म्यूट (बेलमध्ये, म्हणजे ट्रम्पेटच्या पसरट तोंडात, बसवायचं आवाज दाबणारं बूच) घ्यावा, ही तुमची पोस्ट वाचून पोटात कालवलं. वन बीएचके, खालच्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार, वेळ मिळतो तो रात्री साडेआठनंतर, आणि दुकानदार म्हणतोय हार्मन म्यूट घेऊन टाका. सात वर्षांपूर्वी माझं हेच चाललं होतं.

आधीच सांगतो, मी शिक्षक नाही, हौशी वाजवणारा आहे, तुमचे सर वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐका. पण हार्मन शेजाऱ्यांसाठी नसतो हो. जॅझ ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस त्याची मधली नळी काढून माइकला चिकटून वाजवायचा तो आवाज हवा असेल तर घ्या. घरात तो चांगला टोचतो.

माझी चूक म्हणजे प्रॅक्टिस म्यूट (घरच्या सरावासाठीचा, आवाज अगदी दाबणारा) आणला आणि आठ महिने तो काढलाच नाही. आमच्या सोसायटीच्या ऑफिसात तीनदा गेलो, संध्याकाळी फक्त एक तास गच्ची द्या म्हणून. लेखी अर्ज द्या म्हणाले, दिला, मीटिंगमध्ये ठेवू म्हणाले, पुढे काही नाही. त्याच गच्चीवर वाढदिवसाचे डीजे चालतात, याचा राग अजून जात नाही माझा. असो.

तर प्रॅक्टिस म्यूटमध्ये हवा अडते, त्यामुळे सूर चढतो आणि खालचे स्वर नीट बोलत नाहीत. चढलेला सूर मी ओठ सैल सोडून खाली ओढायचो, आणि खालच्या स्वरांना नुसता जोर लावायचो, माउथपीस इतका दाबायचो की वरच्या ओठावर रिमचा वळ उठायचा. मग ग्रुपच्या तालमीला पहिल्यांदा म्यूट काढून उघडा ट्रम्पेट वाजवला तर प्रत्येक स्वर उतरलेला. सॅक्सोफोनवाल्याने वाजवता वाजवता तोंड बाजूला काढलं आणि माझ्याकडे बघितलं, ती नजर विसरत नाही. नीट व्हायला चार महिने गेले, रोज तानपुरा अ‍ॅप काळी पाचला लावून (बी फ्लॅट ट्रम्पेटवर एकही कळ न दाबता वाजणारा सी म्हणजे पेटीची काळी पाच) नुसते लांब स्वर धरत बसायचो.

म्हणून माझं मत, कोणाला पटो न पटो, म्यूट लावून वीस मिनिटांच्या वर नको, आणि आठवड्यात दोन-तीनदा तरी उघडा वाजवा. मैदान, कॉलेजची रिकामी खोली, काहीही चालेल. घरी कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून बेल आत रोखून वाजवा, आवाज बराच मरतो. आणि काकूंना आधीच भेटून वेळ ठरवा, ऑफिसच्या भरवशावर राहू नका.

बँडसाठी हवा असेल तर साधा स्ट्रेट म्यूट घ्या, अ‍ॅल्युमिनियमचा धारदार वाजतो, फायबरचा मऊ. नव्याच्या तीन कॉर्कपट्ट्या जाड असतात, म्यूट आत नीट बसत नाही. बारीक पॉलिश पेपरने तिन्ही सारख्या घासा, पण दोन-चार हात मारले की लावून बघायचं, कारण जास्त घासलं गेलं तर नवीन कॉर्क चिकटवण्याशिवाय इलाज नाही. लावण्याआधी बेलमध्ये तोंडाची गरम वाफ सोडा आणि म्यूट किंचित फिरवून बसवा, म्हणजे गाण्याच्या मध्येच खाली पडत नाही.

तुमचा खरंच ट्रम्पेट आहे की कॉर्नेट (दिसायला तसाच, पण आखूड) तेवढं लिहा, पोस्टमधल्या फोटोत कळत नाहीये. कॉर्नेट असेल तर पैसे भरू नका अजून, त्याचे म्यूट वेगळे येतात.