फॅब्रिकेशन ऑपरेटरची तीन पाळ्यांची नोकरी घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की फॅब्रिकेशन शॉपमध्ये ऑपरेटरची जागा मिळतेय, पण पाळ्या फिरत्या आहेत; काम नेमकं काय असतं आणि रात्रपाळी झेपेल का? मी बरीच वर्षं प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्रा वाकवायच्या मशीनवर आहे आणि तिन्ही पाळ्या करतो. माझं मत विचाराल तर घ्या. हे कसब एकदा हातात बसलं की कुठल्याही शॉपमध्ये चालतं. फक्त एक-दोन गोष्टी आधी बघून घ्या, त्या शेवटी सांगतो.

बाहेरून काम सोपं दिसतं. पत्रा लेझरवर कापून येतो, आम्ही वाकवतो, पुढे टॅक (जोड धरून ठेवणारे वेल्डिंगचे छोटे ठिपके), वेल्डिंग, ग्राइंडिंग. प्रोग्रॅम कंट्रोलरमध्ये असतोच, आपण पेडल दाबायचं. पण पत्रा दाबलेल्या कोनात राहत नाही. पंच, म्हणजे वरून दाबणारं टूल, वर गेला की पत्रा थोडा उघडतो, म्हणून ९० अंश हवा असेल तर ८८-८९ पर्यंत दाबावा लागतो. स्टेनलेस तर माइल्ड स्टीलपेक्षा जास्त उघडतो. खरी मेख पुढेच आहे: ग्रेड तोच, जाडी तीच, पण लॉट, म्हणजे पत्र्याची खेप, बदलला तरी कोन बदलू शकतो.

समजा, आधीच्या पाळीने जुना लॉट संपवला आणि तुम्ही त्याच सेटिंगवर नवीन बंडल फोडलं. कोन ९१ येतोय. एका अंशाने काय होतंय, असं वाटतं. पण ३०० मिलिमीटरच्या फ्लँजला, म्हणजे वाकवलेल्या बाजूला, एक अंश म्हणजे टोकाला ५ मिलिमीटरचा फरक. बॉक्स जुळत नाही, वेल्डर फट भरत बसतो, उष्णता जास्त जाते आणि पत्रा ओढला जातो. कोन चुकला आपला, निस्तरतो तो. म्हणून आधीचा माणूस कितीही भरवशाचा असो, पाळी सुरू झाली की पहिला पीस काढून कोन आणि फ्लँज मोजायचाच. लॉट बदलला की पुन्हा मोजायचा.

म्हणूनच अख्ख्या पाळीत मला चार्ज देण्याघेण्याची दहा मिनिटं सगळ्यात मोलाची वाटतात. रजिस्टरमध्ये ‘जॉब चालू, ओके’ एवढंच लिहून गेटकडे पळणारे भेटतील. तुम्ही तसं करू नका. लॉट कुठला, डाय (पत्र्याखालचा साचा) कुठली, कोनाला करेक्शन किती दिलंय, कुठले पीस संशयित म्हणून बाजूला ठेवलेत, हे लिहा. रिलिव्हरला, म्हणजे पुढच्या पाळीच्या माणसाला, मशीनपाशी नेऊन दाखवलंत तर फारच उत्तम. तुमचं नाव चांगलं होतं ते इथेच.

आता रात्रपाळी. झेपते, पण झोपेची शिस्त लागते. पहाटे ३ ते ५ ला शरीर सगळ्यात मंद असतं, तेव्हा टूल बदलणं किंवा नवीन सेटिंग मी शक्यतो घेत नाही. ते आधीच उरकतो. पाळीच्या उत्तरार्धात चहा-कॉफी बंद. घरी खोलीत पूर्ण अंधार, फोन बाहेर. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकत असतील तर शरीर लवकर जुळवून घेतं. उलट क्रम जड जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१९ मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवलंय, हेही माहीत असू द्या. वेल्डिंगच्या धुराला तर तिने २०१७ साली सरळ कर्करोगकारक ठरवलं.

वेल्डिंगजवळ काम असेल तर आर्ककडे, म्हणजे वेल्डिंगच्या झगझगीत ज्योतीकडे, उघड्या डोळ्यांनी क्षणभरही बघू नका. तेव्हा काही जाणवत नाही. काही तासांनी, बहुतेक वेळा झोपेच्या वेळीच, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं. गॅल्वनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या) पत्र्याच्या धुरानेही असंच उशिरा अंग कसकसून थंडी-ताप येतो. कडा हाताळताना हातमोजे हवेतच, पण फिरत्या ड्रिलपाशी तेच हातमोजे काढून ठेवायचे.

होकार देण्याआधी शॉपमधून एक चक्कर मारायची परवानगी मागा. पाळ्या कुठल्या क्रमाने फिरतात आणि पहिले काही महिने कोणाच्या हाताखाली शिकायचं, ते विचारा. वेल्डिंगवर धूर ओढणारी यंत्रणा नुसती बसवलेली आहे की चालूही आहे, ते बघा. आणि प्रेस ब्रेकचा लाइट कर्टन, म्हणजे हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा, बायपास करून (बंद पाडून) ठेवलेला दिसला, तर पगार कितीही असो, तिथे नाही म्हणा.