पहिलंच ॲप बांधतोयस? मग एवढं बघ

देवगड हापूसच्या पेट्यांची नोंदणी करणारं ॲप, कल्पना झकास आहे. हंगामाआधी जमेल. फक्त प्लॅटफॉर्म, म्हणजे ज्या सेवेवर ॲप बांधून चालवणार ती, निवडताना घाई नको.

१. डेटा बाहेर काढता येतो का? गिऱ्हाइकांची यादी, ऑर्डरी, सगळं सीएसव्हीत (कुठेही उघडणाऱ्या साध्या तक्त्याच्या फाइलीत) उतरवून दुसरीकडे उघडून बघ, तेही पैसे भरण्याआधी. नवखे इथेच फसतात. डेमो चकाचक दिसतो आणि माल दुसऱ्याच्या वखारीत अडकतो, किल्लीही त्याच्याकडेच. फेसबुकने पार्स ही ॲपचा डेटा आणि सर्व्हर सांभाळणारी सेवा बंद करत असल्याचं २०१६ मध्ये जाहीर केलं आणि २०१७ च्या जानेवारीत ती बंद झाली. सर्व्हरचा कोड खुला केला होता, म्हणून लोकांना ॲप दुसरीकडे हलवता तरी आलं. प्रत्येक कंपनी एवढी उदार नसते.

२. डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, तुझ्याच नावावर हवं. साइट करून देणाऱ्या मित्राच्या नावावर तर नकोच!

३. डेटाबेस, म्हणजे ॲपची माहिती साठवणारी प्रणाली, पोस्टग्रेसक्यूएल घे. तो एका कंपनीच्या मालकीचा नाही आणि होस्टिंग देणारे, म्हणजे तो आपल्या सर्व्हरवर चालवून देणारे, भरपूर आहेत.

डॉकर, मायक्रोसर्व्हिसेस वगैरे पुढची तंत्रं आत्ता डोक्यात घेऊ नकोस. आधी एक पेटी नोंदवणारं साधं पान चालव, मोबाइलच्या कमी रेंजमध्येही उघडतंय ना ते बघ. पेमेंटचं मग बोलू.