आइस हॉकीचे खेळाडू व्यावसायिक होण्याआधी कोणती कामं करायचे?

जुन्या पिढीत बहुतेक अंगमेहनतीची. गॉर्डी हाऊ यांनी शाळा सोडून बांधकामावर काम केलं आणि 1946 मध्ये ते डेट्रॉइट रेड विंग्स संघाकडून एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये उतरले. गोलरक्षक जॉनी बाउअर दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यात होते.

मला मात्र सर्वांत भावतो तो स्कॉट फॉस्टर. तो व्यावसायिक झालाच नाही, पेशाने अकाउंटंट. 29 मार्च 2018 ला शिकागो ब्लॅकहॉक्सचे दोन्ही गोलरक्षक जायबंदी झाले, तेव्हा आणीबाणीचा गोलरक्षक म्हणून याला उतरवलं. शेवटची सुमारे चौदा मिनिटं त्याने गोल राखला आणि आलेले सातही फटके अडवले! रोजची नोकरी सांभाळून हौशी सामने खेळणाऱ्या माणसाने एनएचएलमध्ये एकही गोल होऊ दिला नाही.