बाथरूममधला पाइप अचानक फुटला तर घराचं पाणी कुठून बंद करायचं?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात घोडबंदर रोडला एका टॉवरमध्ये नुकतेच भाड्याने राहायला आलात, दिवसभर घरी फक्त आई-बाबा असतात आणि शोधूनही घराचा मेन कॉक सापडत नाही. मी पाचपाखाडीत एका सात मजली इमारतीत राहतो आणि सोसायटीच्या कमिटीत पाण्याचं काम बघतो, म्हणून सविस्तर लिहितो.

कॉक सापडत नाही, कारण बहुधा तसा एकच कॉक नाहीये. आपल्याकडच्या इमारतींत पालिकेचं पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत येतं, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि तिथून वेगवेगळ्या उभ्या लाइनींनी डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेतून, खाली उतरतं. किचनची लाइन वेगळी, बाथरूमची वेगळी. नव्या टॉवरांत फ्लशला बऱ्याचदा प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरतात, त्याची तिसरी. म्हणजे तुमच्या घरात पाणी दोन-तीन ठिकाणांहून शिरतं आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा त्याचा कॉक असतो. वाशी-नेरुळच्या बैठ्या घरांत किंवा रो-हाउसमध्ये टाकीखालचा एक कॉक फिरवला की काम होतं. फ्लॅटमध्ये तसं होत नाही.

म्हणून आज संध्याकाळीच अर्धा तास काढा आणि आई-बाबांना बरोबर घ्या. बाथरूममध्ये दाराच्या वरच्या उंचीला भिंतीत स्टीलसारखी चकाकणारी गोल मूठ दिसते का पाहा. नसेल तर फॉल्स सीलिंगमधलं छोटं झाकण उघडा, तिथे असेल. तिथेही नसेल तर बाथरूमच्या खिडकीतून डक्टमध्ये डोकावा. किचनचा कॉक सिंकच्या खाली किंवा ड्राय बाल्कनीत सापडतो. एकेक कॉक बंद करा, घरातले सगळे नळ सोडून बघा आणि कुठले कोरडे पडले ते त्याच कॉकवर कागद चिकटवून मोठ्या अक्षरांत लिहा. आईला चष्म्याशिवाय वाचता यायला हवं. फ्लशची टाकी विसरू नका, कारण बाथरूमचा कॉक बंद करूनही ती भरत राहिली तर तिची लाइन वेगळी आहे. आणि मूठ बाबांच्या हाताने फिरते का, हेही आजच बघा. त्यांना स्टुलावर चढावं लागत असेल तर वॉचमनला सांगून गच्चीवरच्या व्हॉल्व्हने लाइन बंद करवणं हाच त्यांच्यासाठी खरा मार्ग आहे.

दांडीचा कॉक असेल तर दांडी पाइपाला आडवी म्हणजे बंद, पाइपाच्या रेषेत म्हणजे चालू. गोल चाकाचा जुना व्हॉल्व्ह घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बरेच फेरे फिरवावा लागतो. वर्षानुवर्षं न हललेला असा व्हॉल्व्ह पाना लावून जोराने फिरवू नका. आतला दांडा तुटला तर तो उघडतही नाही आणि बंदही होत नाही. तो बदलून दांडीचा बसवा, असं घरमालकांना आत्ताच सांगा. आणि जे कॉक नीट चालतात तेही अधूनमधून बंद-चालू करत राहा, म्हणजे जाम होत नाहीत.

आता प्रत्यक्ष फुटल्यावर काय करायचं ते. सर्वांत जवळचा अँगल कॉक आधी बंद करायचा: बेसिनखालचा, फ्लश टाकीखालचा, जेट स्प्रेचा. जेट स्प्रेचा पाइप सतत दाबाखाली राहिला की फुटतो, म्हणून घराबाहेर पडताना तो कॉक बंद करायची सवयच लावून घ्या. पण बहुतेक वेळा अँगल कॉकच तुटतो. त्याचे आटे भिंतीतच राहतात आणि धार सरळ समोरच्या भिंतीवर आदळते. अशा वेळी त्या लाइनचा वरचा कॉक, आणि तो चालत नसेल तर गच्ची.

फुटलेली लाइन गरम पाण्याची असेल तर एक सोपा उपाय पुष्कळांच्या लक्षात येत नाही. गरम पाणी गीझरमधूनच येतं, त्यामुळे गीझरच्या खाली जिथून थंड पाणी आत जातं तो कॉक बंद केला की ती धार थांबते. मात्र त्याआधी गीझरचं बटण बंद हवंच. आत पाणी नसताना गीझर तापला तर कॉइल जळते.

पाणी बोर्डाच्या किंवा प्लगच्या जवळ जात असेल तर पाण्याच्याही आधी एमसीबी, म्हणजे घरातल्या विजेचा मुख्य स्विच, खाली करा. बोर्डच ओला झाला असेल किंवा पाण्यात उभं राहून एमसीबीला हात लावावा लागणार असेल तर लावू नका. खाली मीटर रूममधून तुमच्या फ्लॅटची वीज बंद करायला सांगा. आई-बाबांना ही एक गोष्ट दोनदा सांगा.

गच्चीचं सांगतो. आमच्याकडे पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा फ्लश टाकीखालचा कॉक रात्री तुटला. दर 10 मीटर उंचीला चौरस सेंटीमीटरमागे साधारण 1 किलो दाब वाढतो, त्यामुळे सात मजली इमारतीच्या पहिल्या मजल्यावर धार चांगलीच जोरात येते. वॉचमन धावत गच्चीवर गेला, पण कुठला व्हॉल्व्ह कुठल्या लाइनचा हे तिथे लिहिलेलंच नव्हतं. त्याने फोन करून विचारलं, "काकू, लाइन कुठली?" काकूंना ते कसं ठाऊक असणार? शेवटी त्याने सगळेच बंद केले. आता प्रत्येक व्हॉल्व्हला फ्लॅट नंबर आणि किचन की बाथरूम हे लिहिलेली पट्टी बांधली आहे आणि गच्चीची किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये असते. तुमच्या सोसायटीच्या ऑफिसात जाऊन रात्री किल्ली कोणाकडे असते ते विचारा. टॉवरमध्ये आणखी एक विचारायचं: आपला मजला कुठल्या व्हॉल्व्हवर आहे? उंच इमारतींत दाब कमी करायला काही मजल्यांगणिक डक्टमध्ये व्हॉल्व्ह असतात, आणि सर्वांत वरच्या मजल्यांना बऱ्याचदा प्रेशर पंपाने पाणी देतात. तिथे पंपही बंद करावा लागतो.

गच्चीवरून बंद केल्यावरही धार लगेच थांबणार नाही. दीड इंची पाइपात मीटरमागे सव्वा लिटर पाणी असतं, म्हणजे तुमच्यावर 20 मीटर पाइप असेल तर 25 लिटर तुमच्याकडेच येणार. त्याच लाइनवरच्या खालच्या शेजाऱ्यांना नळ सोडायला सांगितलं तर त्यातलं बरंचसं पाणी तिकडून निघून जातं.

कोणी येईपर्यंत धारेशी झुंजत बसू नका. तुटलेल्या जागी टॉवेल गुंडाळून बांधा आणि त्याचं टोक खाली पाणी जायच्या जाळीपर्यंत सोडा, म्हणजे पाणी उडायचं थांबतं आणि टॉवेलवरून खाली उतरतं. जाळीतला कचरा काढा. मुख्य दाराशी चादरीची गुंडाळी लावा, कारण पाणी लॉबीतून लिफ्टच्या खड्ड्यात गेलं तर लिफ्ट बंद पडते. तिकडे पाणी जाताना दिसलंच तर वॉचमनला लगेच लिफ्ट थांबवायला सांगा. एम-सील ओल्या, वाहत्या पाइपावर धरत नाही. छोट्या चिरेवर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट ताणून गुंडाळली तर तासभर निभावतं. घरात पाइपाचं तोंड बंद करायचा अर्ध्या इंचाचा प्लग आणि आट्यांवर गुंडाळायची टेफ्लॉन टेप ठेवा. लाइन बंद झाल्यावर कॉकचे तुटलेले आटे भिंतीतून काढता आले तर प्लंबर तिथे प्लग बसवतो आणि रात्रीपुरतं बाकीच्यांचं पाणी चालू करता येतं.

ठाण्याला जिथून पाणी येतं त्या पिसे-टेमघरची दुरुस्ती निघाली की ठाण्यात पाणी बंद असतं, त्या दिवशी मात्र निर्धास्त राहू नका. गच्चीवरची टाकी भरलेलीच असते, आणि फुटलेल्या पाइपातून ती रिकामी झाली तर अख्ख्या इमारतीला दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी नाही.

खर्च कोणी करायचा, हेही तुम्ही विचारलंय. डक्टमधली सामायिक लाइन सोसायटीची, फ्लॅटमधला पाइप आणि कॉक सभासदाचे, म्हणजे तुमच्या बाबतीत घरमालकांचे. फुटलेल्या भागाचा फोटो प्लंबरने हात लावण्याआधी काढून त्यांना पाठवा.

दुरुस्तीनंतर एखादा नळ उघडा ठेवून कॉक हळूहळू सोडा. आधी हवा फुरफुरत येईल, मग गढूळ पाणी. ते स्वच्छ होईपर्यंत प्युरिफायरचा कॉक बंदच ठेवा. गीझरसाठी गरम पाण्याचा नळ सोडून ठेवा, आणि धार न तुटता यायला लागली की मगच बटण दाबा.